बहिणीच्या वाट्याच्या दोन ओळी

मुलगी नागपूरला माझ्या आईकडे गेली आणि संध्याकाळी घरी जायची मला धास्ती वाटू लागली. अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधलं ते घर म्हणजे विद्यापीठाच्या वसाहतीतल्या दोन खोल्या. तिचा पाळणा अजून तसाच उभा होता. तो मोडून ठेवायला हात धजत नव्हता. प्रयोगशाळेतलं काम संपलं तरी मी उगाच रेंगाळायचे, काचेची भांडी पुन्हा धुवायचे. मग एके दिवशी शहरातल्या वाचनालयाच्या दारावर वाचनगटाची सूचना दिसली. महिन्यातून एकदा, मंगळवारी संध्याकाळी. मी आत जाऊन नाव दिलं.

हे २००३ सालातलं. मी पीएचडीच्या मधल्या वर्षांत होते, जमिनीतल्या जिवाणूंवर काम करत होते. नवरा कॅलिफोर्नियात, सांता क्लारात. त्याची आधीची नोकरी मंदीत गेली होती आणि दुसरी मिळाली ती तिकडे. व्हिसा त्या नोकरीला बांधलेला, त्यामुळे तो इकडे येण्याचा प्रश्नच नव्हता. बाळंतपणाला आई आली होती. तिने नागपूरच्या महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं, आणि निवृत्त होऊन तिला फार दिवस झाले नव्हते. वडील आधीच गेलेले. आमच्याकडे राहून तिने सगळं पाहिलं. मी झोप न झालेल्या डोळ्यांनी प्रयोगशाळेत जाते, दुपारी मुलीला पाजायला बस पकडून येते, माझे प्रयोग वाया जातात, गाईडचा सूर बदलत चाललाय. तिची परत जायची वेळ आली तेव्हा तीच म्हणाली, "मी घेऊन जाते हिला. तू शीक. आपल्या घरात इथवर कोणी पोचलं नाही. आता अर्ध्यावर नको सोडू."

मी आधी नाही म्हणत राहिले, मग हो म्हणाले. हो म्हणताच मला हलकं वाटलं. ते हलकं वाटणं मी पुढे बरेच महिने विसरू शकले नाही. मुलगी तेव्हा नुकती रांगायला लागली होती.

वाचनगटात बसल्यावरही तेच मनात यायचं. वेळ नाही म्हणून मी मुलीला पाठवलं होतं, आणि मिळालेला वेळ मी गोष्टी वाचण्यात घालवत होते. बसमध्ये पुस्तक उघडलं की शेजारची बाई आपल्याकडेच बघतेय असं वाटायचं. खरं तर ती खिडकीबाहेरचा बर्फ बघत असायची.

गटात आठ-दहा जण येत, पण नेमाने बोलणारे चारच. गट चालवणाऱ्या ग्रंथपाल बाई पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या. एक मोटार कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनियर. एक तरुण आई, जिचं बाळ घरी नवरा सांभाळायचा आणि जी दर थोड्या वेळाने फोन उघडून बघायची. आणि एक ऐंशीला टेकलेल्या आजी. त्यांचा जन्म स्कॉटलंडमधला, ग्लासगोचा. लग्न होऊन त्या अमेरिकेत आल्या होत्या आणि त्यांच्या बोलण्यातला र अजून तिकडचाच होता. बहुधा त्यांच्याचसाठी ग्रंथपाल बाईंनी त्या हिवाळ्यात स्कॉटिश लेखिकांच्या कथांचा एक संग्रह निवडला. पुस्तक जाड होतं म्हणून दोन बैठका त्याच्यावर ठेवल्या.

पहिल्या बैठकीत आजींनी सुरुवातच अशी केली की ग्रंथपाल बाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "या पुस्तकात एकही माणूस हसत नाही. मी वाढले त्या घरात आम्ही नऊ माणसं होतो, खायला पुरत नव्हतं, आणि तरी रोज कोणीतरी हसून हसून खुर्चीवरून पडायचं. या बायका कुठल्या स्कॉटलंडबद्दल लिहितात कोण जाणे."

इंजिनियरसाहेबांची तक्रार वेगळी होती. अर्ध्या गोष्टींना शेवटच नाही, म्हणाले. बाई दारात उभी राहते आणि गोष्ट संपते. पुढे काय झालं ते सांगायला लेखिकेला कोणी मनाई केली होती का? शिवाय संवाद तिकडच्या बोलीत लिहिलेले, ते त्यांना मुळीच कळले नव्हते. ग्रंथपाल बाई म्हणाल्या की तोच तर गोडवा आहे, आणि त्यांनी एक पान मोठ्याने वाचून दाखवलं. मोठ्याने वाचल्यावर खरंच बरंचसं कळलं. आजी म्हणाल्या, शाळेत असं बोललं की आमच्या हातावर पट्टी बसायची, आणि आता तेच छापून विकतात.

मला त्यावर बोलायचं होतं. एमएस्सीला मी पुण्यात होते तेव्हा होस्टेलच्या मुली माझ्या 'करून राहिली' आणि 'येऊन राहिली'ला हसायच्या. मी महिन्याभरात ते बोलणं सोडलं होतं आणि नागपूरच्या फोनवर तेवढं परत उचलायचे. पण हे इंग्रजीत कसं सांगावं याची जुळवाजुळव करेपर्यंत चर्चा पुढे सरकली, आणि सरकली ती नेमकी त्या गोष्टीवर, जी मी दोनदा वाचली होती आणि दोन्ही वेळा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

गोष्ट एका बेटावरची. नवरा समुद्रात बुडालेला. बाई आपल्या लहान मुलाला बहिणीकडे ठेवते आणि दूरच्या बंदरात मासे साफ करण्याच्या कामाला जाते. बोटं मिठाने फाटतात, त्यांना चिंध्या बांधून ती काम करते आणि पैसे पाठवत राहते. काही वर्षांनी परत येते तेव्हा मुलगा बहिणीमागे लपतो. बाई हातातली पेटी उंबऱ्याशी ठेवते. तिथेच गोष्ट संपते.

तरुण आई म्हणाली की तिला ही बाई आवडली नाही. गरिबी वगैरे सगळं समजतं, पण मूल सोडून जाणं तिला समजू शकत नाही. ग्रंथपाल बाईंनी बाजू घेतली. ती गेली नसती तर दोघं उपाशी मेली असती, आणि तिच्या जागी बाप असता तर आपण त्याला कष्टाळू म्हटलं असतं. इंजिनियरसाहेब म्हणाले, बरोबर आहे, माझे वडील तसेच होते, पण ती आत गेली की नाही ते तरी सांगायचं. आजी म्हणाल्या, त्या बेटांवर सगळ्याच बायका जायच्या, त्यात गोष्ट लिहिण्यासारखं काय आहे.

तरुण आईला कोणाचंच पटलं नाही. ती माझ्याकडे वळली. मी अजून काही बोलले नव्हते, म्हणून असेल. तिने विचारलं, "तुम्हाला मुलं आहेत?"

मी म्हटलं, "एक मुलगी. दोन वर्षांची होईल आता."

"मग तुम्हाला कळेल मी काय म्हणतेय ते. आज कोणाजवळ ठेवलीत?"

"आईजवळ."

"आई जवळ राहते? किती नशीबवान आहात तुम्ही."

मी हसले. एक शब्दही खोटा बोलले नव्हते. सगळ्यांनी कौतुकाने माझ्याकडे बघितलं आणि बोलणं दुसऱ्या गोष्टीकडे गेलं. त्यानंतर कोण काय म्हणालं ते माझ्या कानात शिरलं नाही. घरी जाताना बसमध्ये मी पुस्तक उघडलं नाही.

रविवारी सकाळी मी नागपूरला फोन करायचे. तिकडे तेव्हा रात्रीचं जेवण आटोपलेलं असायचं. कॉलिंग कार्डावरचे आकडे दाबून लाइन लागली की आई आधी मुलीच्या दिवसाचं सांगायची. काय खाल्लं, खोकला किती, विहारात सकाळी वंदनेला बसली की पळाली. मग फोन तिच्या कानाशी धरायची. मुलगी काही क्षण श्वास घ्यायची आणि निसटायची. त्या रविवारी तीही आली नाही. मागे तिचा आवाज येत होता. ती कोणाला तरी 'आई, पाणी' म्हणत होती, आणि ती कोणाला म्हणतेय ते मला ठाऊक होतं.

काय करून राहिली आजकाल, असं आईने विचारलं. मी म्हटलं, वाचून राहिली. आणि का कोण जाणे, तिला ती गोष्ट सांगितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मासे, मीठ, चिंध्या, उंबरा, सगळं. गटातली मतंही सांगितली. तरुण आईचं मत सांगताना जरा थांबले, पण सांगितलं. आई तिला काय म्हणेल हे मला ऐकायचं होतं. ती म्हणेल की त्या गोऱ्या पोरीला काय कळतं. मग मला जरा बरं वाटेल.

आई म्हणाली, "आणि ती बहीण?"

"कोणती बहीण?"

"जिच्याजवळ पोरगं होतं ती. तिचं काय झालं?"

पुस्तक टेबलावरच होतं. मी शेवटचं पान काढलं. बहिणीच्या वाट्याला दोनच ओळी होत्या. ती चुलीजवळ बसून मुलाचा मोजा रफू करत होती, आणि तिने मान वर केली नाही. एवढंच. मी ते मराठीत वाचून दाखवलं.

"काही बोलत नाही ती?"

"नाही."

"आणि तुमच्या तिथं कोणी विचारलंही नाही तिचं?"

"नाही विचारलं."

मग आई तिच्या शाळेतल्या आवाजात म्हणाली, "हे बघ, न्यायची असेल तर लवकर घेऊन जा. पोरीसाठी नाही म्हणत मी. पोरं विसरतात." आणि लगेच म्हणाली की दूध उतू चाललंय, ठेवते.

इतके महिने मी मुलीसाठी झुरत होते आणि स्वतःसाठी. आपण आईकडून काय काय घेतोय याचा हिशेब मी केला होता. तिची झोप, तिची कंबर, तिची निवृत्तीची वर्षं. पण आपण तिला काहीतरी देतोय, आणि दिलेलं ते एक दिवस तिच्या मांडीवरून उचलून आणणार आहोत, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती एकटी होती. घरात पुन्हा एकदा मूल झोपत होतं. ते मूल तिला आई म्हणत होतं आणि ती त्याला दुरुस्त करत नव्हती. त्याचा मला राग यायचा. त्या रविवारनंतर तो आला नाही, पण त्याच्या जागी जे आलं ते जास्त जड होतं.

पुढच्या बैठकीला मी जाणार नव्हते. बाहेर सगळीकडे बर्फ साचला होता, न जायला कारणही होतं. तरी गेले. ग्रंथपाल बाईंनी विचारलं की मागच्या वेळचं कोणाचं काही राहिलंय का, आणि मी हात वर केला. मी म्हटलं, त्या बेटावरच्या गोष्टीत बहिणीचं काय होतं ते आपण कोणीच बोललो नाही. आणि मग तरुण आईकडे बघून सांगितलं, "माझी मुलगी आईजवळ आहे, पण आई इथे नाही. ती भारतात आहे. मुलगीही तिथेच आहे. मागच्या वेळी मी नीट सांगितलं नाही."

तरुण आईचा चेहरा लाल झाला. ती म्हणाली की तिला माहीत असतं तर ती तसं बोलली नसती. मी म्हटलं, तुझं मत तेच राहू दे, मला चालेल. पण तिला ते चालत नव्हतं. ती माझी माफी मागत राहिली आणि मला तिची मागावीशी वाटत राहिली, कारण तिचा काही दोष नसताना मी तिला दुष्ट ठरवलं होतं. बाकीचे आपापल्या पुस्तकांकडे बघत बसले.

आजींनी आम्हा दोघींना त्यातून सोडवलं. त्यांनी चष्मा लावला, पान काढलं आणि मला म्हणाल्या, "बहिणीचं काहीच लिहिलं नाही असं तुला वाटतं? हे वाच. मोजा रफू करतेय ती. मुलगा आता तिच्याकडे राहणार नाही, मग मोजा कशाला नीट करायचा? तो जाताना घालून जावा म्हणून. आमच्याकडे कोणी बघत असताना रडत नाहीत. सगळं त्या दोन ओळींत आहे."

इंजिनियरसाहेब म्हणाले, म्हणजे शेवट आहे तर. मुलगा आईबरोबर जातो. आजी म्हणाल्या, जातोच. ग्रंथपाल बाईंना ते मान्य नव्हतं. त्यांच्या मते ती मान वर करत नाही याचा अर्थ ती मुलाला सोडायला तयार नाही. यावर दोघींची चांगलीच जुंपली. आजींनी शेवटी कबूल केलं की संग्रहातली ही एक गोष्ट बरी आहे, मात्र एक विनोद घातला असता तर बिघडलं नसतं. त्यावर सगळे हसले. मीही हसले. तरुण आई हसली नाही. जाताना तिने मला कारने सोडू का विचारलं, आणि मी बस येईल म्हणाले. ती पुढच्या बैठकांना आली नाही. बाळामुळे असेल. मी मात्र तो दोष माझ्याकडेच ठेवला.

नवऱ्याला मी सांगितलं की मुलीला आणायचंय. तो म्हणाला, "यार, थीसिस होऊ दे ना. एक वर्षाचा प्रश्न आहे. एकटी कशी मॅनेज करशील?" त्याचं चुकत नव्हतं. फोनवर आमचं भांडण झालं, मिटलं, पुन्हा झालं. शेवटी मी आईचं वाक्य त्याला सांगितलं. मग तो म्हणाला की दर महिन्याला विमानाने येत जाईल. तसा तो आलाही, जमेल तितका.

मी नागपूरला गेले तेव्हा तिकडे संत्र्यांचे दिवस होते. मुलगी दारात आली, मला बघितलं आणि आत पळाली. अगदी त्या गोष्टीतल्यासारखी ती आईच्या मागे लपली नाही. ती कपाटात जाऊन बसली आणि आईने हाक मारल्यावर बाहेर आली. पुढचे दिवस आईने ठरवून माझ्यासाठी जागा केली. भरवायची वेळ झाली की ती भाजी आणायला जायची. झोपायची वेळ झाली की शेजारच्या काकूंकडे जाऊन बसायची. मुलगी 'आई, आई' करत दार वाजवायची आणि मी तिला उचलून खिडकीपाशी न्यायचे, रस्त्यावरच्या बकऱ्या दाखवायचे. एकदा मी गच्चीवरून बघितलं तर आई काकूंकडे गेलीच नव्हती. ती आमच्याच जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून मुलीचं रडणं थांबायची वाट बघत होती. मी मागे सरकले. आपण बघितलं हे तिला कळू द्यायचं नव्हतं.

मग ती वर्ध्याला मावशीकडे राहायला गेली. त्या दिवसांत मुलगी माझ्याकडे झोपायला लागली. रडून दमायची आणि माझ्या दंडावर डोकं टाकायची. मला त्याचा आनंद झाला आणि त्या आनंदाची लाज वाटली.

निघताना आई विमानतळावर आली. मुलीला तिने कडेवर घेतलं नाही, म्हणाली कंबर धरलीय. औषधाच्या बाटल्या कशा ठेवल्यात, भातात तूप किती, हे सगळं तिने पुन्हा एकदा सांगितलं. शेवटी म्हणाली, "आठ दिवस फोन करू नको. माझा आवाज ऐकला तर पुन्हा सुरू होईल तिचं."

ॲन आर्बरला पोचल्यावर मी फोन केला नाही. मुलगी नव्या घरात आईला शोधत फिरायची, न्हाणीघराचं दार उघडून बघायची, मग माझ्याकडे यायची. आठवडा उलटण्याआधीच फोन वाजला. आईच होती. तिने माझी चौकशी केली नाही, मुलीचीही केली नाही. म्हणाली, "तिला नको देऊ फोन. ती बोलत असेल तिथं नुसता जवळ धर."

मुलगी जमिनीवर बसून डब्यांवर डबे रचत होती आणि स्वतःशी काहीतरी बडबडत होती. मी वायर पुरेल तिथवर गेले आणि रिसीव्हर तिच्या दिशेने धरून उभी राहिले. आईच्या कार्डावरची मिनिटं संपून लाइन आपोआप बंद झाली तेव्हाच मी तो खाली ठेवला. आई मध्ये एकदाही बोलली नव्हती.

थीसिसला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला. मुलगी पाळणाघरात रुळली, आम्ही तिघं पुढे कॅलिफोर्नियात एकत्र राहू लागलो. २००७ च्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे आली. मुलीला नागपूरचं काहीही आठवत नव्हतं. ती आजीशी नीट वागायची, पण मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि आईला माझ्याकडे बघावं लागायचं. एका दुपारी मुलीने तिच्यासमोरच मला विचारलं की आजी घरी कधी जाणार, तिला स्वतःची खोली परत हवी होती.

"काय म्हणते?" आईने विचारलं.

मी म्हटलं, "विचारते, आजी किती दिवस राहणार."

आईचा चेहरा उजळला. "सांग तिला, सप्टेंबरपर्यंत आहे मी." मग तिने स्वतःच हाताची बोटं दुमडून महिने मोजून दाखवले. मुलीने ती मोजणी लक्ष देऊन बघितली, मान डोलावली आणि सायकल घेऊन बाहेर गेली. आई लगेच चपला घालून तिच्यामागे निघाली. ऊन फार आहे, थांब म्हणून मी सांगितलं, पण तोवर ती दाराबाहेर पडली होती.